कावडवाल्याचं पोट

"मग फेकून देऊ का गोळ्या, बाबा? ह्या कड्यावरनं खाली?"

मठाच्या अंगणात अंथरुणावर बसलेल्या येसबानं गोळ्यांचं पाकीट मुठीत आवळलं होतं. तोंड लालबुंद.

खुशालनाथ बाबा उन्हात बसून रताळी निवडत होते. एक नासकं रताळं त्यांनी बाजूला टाकलं.

"फेक."

"फेकू?"

"फेक म्हणालो की."

येसबाचा हात वर गेला... आणि तिथंच राहिला.

"पण मग पायाचं काय?"

"पाय तुझा. मला काय विचारतोस?"

आधीच सांगून टाकलेलं बरं. ही गोष्ट पोट साफ न होण्याची आहे. ज्याला नाक मुरडायचं असेल त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं. ज्याचं रोज सकाळी आपसूक होतं त्याला वाटतं, ब्रह्मज्ञान मोठं. एकदा त्याचं आठवडाभर अडू दे. मग कळेल मोठं काय ते.

बाबांचा मठ टेकडीच्या माथ्यावर. पाणी मात्र खाली, कड्याच्या पोटात कोरलेल्या टाक्यात. मध्ये दगडी पायऱ्या, त्यातल्या निम्म्या निसटलेल्या. ह्या पायऱ्यांवरनं बाबांचं पाणी येसबा आणायचा. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन टोकांना दोन घागरी. मिसरूड फुटलं तेव्हा कावड उचलली, आता मिशा पांढऱ्या झाल्या. अंगात ताप असो, वर आभाळ फाटलेलं असो, खाडा नाही.

आणि दुसऱ्या कुणी कावडीला नुसता हात लावला तरी येसबा त्याला खाऊ की गिळू करायचा.

लोक म्हणायचे, "बाबांचं पाणी म्हणजे येसबा." हे ऐकलं की गड्याची छाती फुगायची. सेवा करून माणूस नम्र होतो म्हणतात. होत असेल एखादा.

पडला तोही त्याच तोऱ्यात. शेवाळलेल्या पायरीवर तोल जात होता. दर्शनाला आलेल्या एका भल्या माणसानं हात पुढं केला. म्हणाला, "धरा काका."

येसबानं हात झटकला. "बाबांच्या सेवेत हात घालायचा नाही!"

झटकला तो झटकला. येसबा एकीकडं, कावड दुसरीकडं, घागरी गडगडत थेट टाक्यात. उजव्या नडगीचे दोन तुकडे.

तालुक्याच्या दवाखान्यात हाडात सळई घातली. ठणका असा की रेडा ओरडला असता. डॉक्टरांनी जालीम गोळी दिली आणि दम भरला. "गोळी घ्यायची आणि वॉकर धरून रोज चालायचं. पडून राहिलात तर गुडघा लाकूड होईल. मग कावड विसरा."

कावड विसरा! बाकी सगळं येसबा विसरला, एवढं ध्यानात राहिलं.

गोळी घेतली की पाय टेकता येत होता. पण ती गोळी पायाबरोबर पोटालाही झोपवत होती. पोट झोपलं ते उठेना.

"गोळी घेतो तर पोट दगड," येसबा म्हणाला. "गोळी सोडतो तर पाय दगड. मी करू तरी काय, बाबा?"

"किती दिवस झाले?"

"दवाखान्यातनं आल्यापासनं. मध्ये एकदा बकरीच्या लेंड्या पडल्या, तेवढ्याच."

चुलीपुढून हौसाक्का फिस्सकन हसली. हौसाक्का मठाचा स्वयंपाक बघायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"तरीच म्हटलं, एवढ्या भाकऱ्या जातात कुठं!"

"तू गप गं!"

"वारा सरतो का?" बाबांनी विचारलं.

"सरतो."

"सरतो म्हणजे काय!" हौसाक्का म्हणाली. "परवा मांजर पळालं."

"उलटी?"

"नाही."

"मग मरत नाहीस एवढ्यात. उपाय काय केलास?"

येसबाचा चेहरा उजळला. आपण काय केलं हे सांगायला त्याला फार आवडायचं.

"इसबगोल! आधी चमचाभर घेत होतो. मग दोन केले. आता मूठभर घेतो, सकाळ-संध्याकाळ. कसर म्हणून ठेवली नाही, बाबा."

"वर पाणी?"

येसबा रांजणाकडं बघायला लागला. मग कुत्र्याकडं.

"पितो की... घोटभर."

"घोटभर."

"गिळण्यापुरतं."

बाबांच्या हातातलं रताळं खाली आलं.

"हौसे, एक वाटी आण. आणि ह्याचं इसबगोल."

वाटी आली. बाबांनी तीत मूठभर इसबगोल टाकलं. वर घोटभर पाणी. बोटानं एकदा ढवळलं आणि वाटी दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली.

"आता?" येसबा म्हणाला.

"आता थांब."

...

रताळी निवडून झाली. कुत्रं उठून सावलीला गेलं.

बाबांनी वाटी उचलली आणि उपडी केली.

काही पडलं नाही.

बाबांनी वाटी हलवली. बुडावर थाप मारली. तरी नाही.

"अगंबाई!" हौसाक्का तवा सोडून पुढं आली. "नुसती खळ झाली की हो! ह्यानं पतंग चिकटतील!"

बाबांनी वाटी येसबाच्या हातात दिली. "काढ."

येसबानं बोट घातलं. बोटाबरोबर लिबलिबीत गोळा वर आला आणि वाटीत परत चिकटून बसला. येसबानं वाटीकडं पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. घाम फुटला गड्याला.

"हे... हे असं आत?"

"मला काय माहीत. मी आत गेलो नाही."

"बाबा!"

"पाणी का पीत नाहीस?"

येसबानं वाटी लांब सरकवली.

"येसबा."

"पाणी प्यालं की मुतायला लागतं, बाबा."

"मलाही लागतं."

"तुम्ही उठून जाता. मला भांडं लागतं. भांडं द्यायला माणूस लागतो. ते उचलायला, ओतायला माणूस लागतो." येसबाचा आवाज चढला. "ह्या येसबानं जन्मात कुणाकडं तांब्याभर पाणी मागितलं नाही! आणि आता वर येणारा जो तो एकेक कळशी आणतो, रांजणात ओततो, आणि जाता जाता मला विचारतो, कसं आहे काका? ते पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही, बाबा. विष वाटतं!"

...

"डॉक्टरनं नुसती गोळीच दिली?" बाबांनी हळूच विचारलं.

येसबानं उशी आणखी जवळ ओढली.

"येसबा, नुसती गोळी?"

येसबानं उशीखाली हात घातला आणि एक बाटली काढून समोर ठेवली. बुचाचं सील तसंच होतं.

"हे काय?"

"पातळ औषध. पोटासाठी. गोळी चालू आहे तोवर रोज घ्यायचं म्हणाले होते."

हौसाक्कानं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! औषध उशाला आणि बोंब गावाला!"

"आणि पोट धावलं म्हणजे?" येसबा तिच्यावर खेकसला. "पोट धावेल, मला धावता येतं का? अंथरुणात झालं तर कोण काढणार? तू?"

"का? चार जणांचं काढलंय मी. पोटची पोरं होती, पण वास हाच."

येसबानं दोन्ही हात बाबांपुढं जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाबा, सेवा करणाऱ्यानं सेवा घेतली की केलेली सगळी पाण्यात जाते. पाप लागतं."

बाबांनी हाताला लागलेली रताळ्यांची माती झटकली.

"म्हणजे मी आजवर पापच करत बसलो," ते म्हणाले. "तुझ्या हातचं पाणी पीत."

येसबाचं तोंड उघडं पडलं. मिटायचं त्याला सुचलं नाही.

"हौसे, दवाखान्यात फोन लाव."

हौसाक्कानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडून सिस्टर बोलल्या. बोलल्या कसल्या, फैलावरच घेतलं.

"कोण, येसबा काका? ते स्ट्रेचरवरसुद्धा हात लावू देत नव्हते ते? गोळी मनानं बंद करायची नाही, चालायचं कसं मग? ह्या गोळीनं पोट धरतंच, म्हणून तर ते औषध दिलंय! सांगितलंय तेवढंच, रोज. आजपासून सुरू. इसबगोल बंद, ह्या गोळीवर ते नको. पाणी प्या, भरपूर प्या. चाला. उद्या दुपारपर्यंत नाही झालं तर आणा इकडं, एनिमा देऊ. आणि पोट फुगलं, उलट्या लागल्या, वारासुद्धा अडला, तर उद्याची वाट बघायची नाही. लगेच आणायचं."

"आणायचं कसं?" येसबा पुटपुटला. "पायऱ्या आहेत."

"झोळीत घालून," हौसाक्का म्हणाली. "चार गड्यांच्या खांद्यावर. मागं मी लाह्या उधळत येते."

चार गड्यांच्या खांद्यावर! ज्यानं जन्मभर आपल्या खांद्याचा डौल मिरवला तो दुसऱ्याच्या खांद्यावरनं जाणार, तेही कशासाठी, तर ढुंगणात नळी घालून घ्यायला.

तेवढ्यात बाबा उठले. कोपऱ्यातली कावड त्यांनी उचलली.

"बाबा?"

बाबांनी घागरी अडकवल्या.

"बाबा! कुठं? अहो रांजण भरलेला आहे!"

"ते पाणी तुला विष वाटतं म्हणालास."

"म्हणून तुम्ही? अहो तुमचं वय काय! पायऱ्या शेवाळल्यात! हौसे, धर! कुणीतरी धरा त्यांना!"

बाबा ऐंशीच्या पुढचे. काठी सोडली तर हातात कधी जड काही घेतलेलं नाही. ते पायऱ्या उतरायला लागले. येसबानं वॉकर ओढला आणि ठणका, पोट, सगळं विसरून तो कड्यावरच्या दगडी गडग्यापाशी गेला. इतक्या दिवसांत एवढं चालला नव्हता.

"डाव्या अंगानं, बाबा! डाव्या! त्या पायरीवर नको, ती हलते! अहो बसत बसत उतरा!"

बाबा खाली पोचले. घागरी भरल्या. कावड खांद्याला लावली आणि उठले. झोकांडी गेली. येसबानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाबा अर्ध्यावर आले होते. त्याच शेवाळलेल्या पायरीपाशी. कावड डुलत होती. एक पाय हवेत.

शेळ्या घेऊन वर येणारी एक धनगरीण तिथंच होती. तिनं हात पुढं केला.

येसबानं गडगा घट्ट धरला.

बाबांनी तिचा हात धरला. नुसता धरला नाही, तर कावड खाली टेकवली, दोन्ही घागरी बांबूच्या मधोमध सरकवल्या, पुढचं टोक तिच्या खांद्यावर दिलं, मागचं आपल्या. आणि दोघं गप्पा मारत वर आली. तिची कोणती शेळी व्याली आणि तिला किती करडं झाली, हे बाबा मोठ्या आवडीनं ऐकत होते.

येसबा गडग्याला धरून रडत होता. का ते त्याला कळत नव्हतं. त्याला आनंद झाला होता, राग आला होता, लाज वाटत होती, सगळं एकदम.

बाबांनी तांब्या भरला. धाप लागली होती.

"पी."

"बाबा, तुमच्या हातचं पाणी मी कसं..."

"पाणीच आहे. पी."

येसबा प्यायला. गटागटा, छातीवर सांडत. बाबांनी परत भरला. परत प्यायला. संध्याकाळी हौसाक्कानं बाटलीचं सील फोडलं आणि सांगितलं होतं तेवढं औषध पाजलं. येसबानं तोंड वाकडं केलं, पण प्यायला. रात्री भांड्यासाठी हाक मारली तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की हौसाक्काला वाटलं, मांजर परत आलं.

दुसरा दिवस उजाडला. गोळी झाली, कोमट पाणी झालं, उकडलेली रताळी झाली. वॉकर धरून येसबाच्या अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. सूर्य वर वर चढत होता. धनगरीण मुद्दाम थांबून राहिली होती. खालच्या वाडीतले चार गडी झोळी घेऊन आले होते. झोळी गडग्यावर टाकून ते तंबाखू मळत बसले.

"होतंय का काही?" त्यातला एक ओरडला.

"तुझ्या बापाची वरात आहे का?"

दुपार होत आली. गडी तंबाखू थुंकून उठले. एकानं झोळी झटकली.

आणि येसबा जागच्या जागी थांबला.

पोटात कुठंतरी खोल, घागर बुडताना होतो तसा आवाज झाला. गुडुक.

"ऐकलंत?"

गुडुक. गुडगुडगुड.

"आलं!" येसबा ओरडला. "हौसाक्का! अगं हौसाक्का, धाव! खुर्ची! खुर्ची आण! मला धरा! अरे बघताय काय ठोंब्यांनो, धरा मला!"

सारा मठ धावला. वाडीतल्या गड्यांनी दोन्ही बगलांत हात घातले, आणि येसबानं एकही हात झटकला नाही. भोक असलेली ती खुर्ची गावातनं पहिल्याच दिवशी आली होती. येसबानं तिच्यावर धोतर वाळत घातलं होतं. हौसाक्कानं धोतर भिरकावलं, खुर्ची आडोशाला नेली, येसबाला बसवलं आणि पडदा ओढला.

सगळे बाहेर श्वास रोखून उभे.

...

"येईना!" आतून आवाज आला. रडवेला. "दाराशी येतं आणि परत जातं! पाय लोंबतायत, जोर लागेना!"

बाबा उठले. देवापुढं त्यांचा पाट होता. ह्याच पाटावर बसून ते पूजा करायचे, ह्याच पाटाला लोक डोकं टेकायचे. तो पाट काखेत मारून बाबा पडद्याआड गेले आणि येसबाच्या पायांशी वाकून ठेवला.

"पाय ठेव. आणि जोर करू नकोस. पुढं वाक, बस."

"बाबा! हा तुमच्या आसनाचा पाट!"

"आहे."

"ह्याच्यावर पाय?"

"डोकं ठेवून होणार असेल तर डोकं ठेव."

बाबा बाहेर आले. शेळीसुद्धा गप्प.

येसबानं आधी धडधाकट पाय पाटावर ठेवला. मग दुखरा, हळूच. पुढं वाकला. डोळे मिटले. जन्मभर सगळं आपणच ओढायचं ठरवलेला गडी, त्यानं एकदाच अंग सैल सोडलं.

...

आणि मग जे झालं त्याचं वर्णन करायची गरज नाही. वाडीतल्या गड्यांनी डोक्याच्या टोप्या काढल्या एवढं पुरे.

"झालं!" पडद्याआडून आरोळी आली. "बाबा! झालं! अहो, अजून होतंय!"

हौसाक्कानं धावत जाऊन मठाची घंटा बडवली. धनगरीण टाळ्या पिटायला लागली. झोळीवाल्यांनी झोळी हवेत उडवली. खाली वाडीत लोकांना वाटलं आरती चालू झाली. त्यांनी तिथनंच हात जोडले.

हौसाक्कानं त्याला धुतलं, पुसलं, आणि एवढ्या वेळात एकही शब्द बोलली नाही. हा तिच्या आयुष्यातला विक्रमच. मग येसबाला उन्हात आणून बसवलं. गालांवर रंग आला होता. बारशाच्या पोरासारखा हसत होता.

"काय हलकं वाटतंय, बाबा! फुंकर मारा, उडून जाईन! आता गोळी घेणार, औषध घेणार, पाणी पिणार, चालणार. बघाच तुम्ही! पाय टेकला की पहिली कावड माझी. परत तुम्हाला त्या पायऱ्या उतरू द्यायचं नाही. त्या धनगरणीलाही नाही. कुणालाच नाही! ह्या येसबाशिवाय तुमच्या पाण्याला कुणी बोट लावलं तर नाव बदलीन. मी एकटा आणीन, बाबा. एकटा!"

त्यानं छातीवर हात मारला.

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं...

मग रांजणातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"पी," बाबा म्हणाले. "अजून तुंबलंय."